घरी रोल धुणं आणि प्रिंट काढणं : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

रोल घरी धुवायचा आणि प्रिंटही घरीच काढायच्या असं मनात आलं की बहुतेक जण एकाच प्रश्नाशी अडतात : डार्करूम कुठून आणायची? म्हणून हे आधीच सांगते, की ही दोन वेगळी कामं आहेत. रोल धुवायला डार्करूम लागत नाही. फिल्म टँकमध्ये, म्हणजे उजेड आत न जाऊ देणाऱ्या डब्यात, भरेपर्यंतची पाच-दहा मिनिटं मिट्ट काळोख लागतो, आणि तो चेंजिंग बॅग नावाच्या काळ्या पिशवीतही मिळतो. टँकचं झाकण एकदा लागलं की पुढचं सगळं भर उजेडात बेसिनपाशी होतं. डार्करूम लागते ती दुसऱ्या कामाला, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर प्रिंट काढायला. खोली आणि एन्लार्जर (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) जमेपर्यंत नुसत्या निगेटिव्ह साठवत राहिलात तरी काही बिघडत नाही. नीट धुतलेली निगेटिव्ह कितीही वर्षं थांबायला तयार असते.

हा लेख फक्त कृष्णधवल ३५ मिमी फिल्मबद्दल आहे. रंगीत निगेटिव्हची सी-४१ प्रक्रिया घरी होते, पण तिथे डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, ३८ अंश सेल्सिअसवर काटेकोर धरावा लागतो आणि वेळ असतो जेमतेम सव्वातीन मिनिटं. हात बसल्यावर तिकडे वळा.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका : एकच फिल्म, एकच डेव्हलपर, एकच पेपर. निदान पहिले काही महिने तरी. नव्या माणसाला दर रोलला नवी फिल्म आणि दर आठवड्याला नवा डेव्हलपर करून बघायचा मोह होतो. मग निगेटिव्ह फिकी आली की दोष कॅमेऱ्याचा, फिल्मचा, रसायनाचा की घड्याळाचा, हे कळायला मार्गच उरत नाही. बाकी सगळं कायम ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर प्रत्येक रोल तुम्हाला काहीतरी शिकवून जातो. पुढे जे जे लिहिलं आहे त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

१. काय काय जमवायचं

रोल धुण्यासाठी :

- डेव्हलपिंग टँक आणि रीळ. सुरुवातीला प्लास्टिकचं, पुढे-मागे फिरवून फिल्म आत ओढणारं रीळ घ्या. स्टीलचं रीळ सुंदर असतं, पण त्याला सराव जास्त लागतो.
- चेंजिंग बॅग
- अर्धा अंशही दाखवणारा थर्मामीटर
- तीन मोजपात्रं आणि एक नरसाळं
- घट्ट झाकणाच्या गडद रंगाच्या बाटल्या
- कात्री, आणि रोलचा डबा उघडायला बाटलीचं ओपनर
- सेकंद दाखवणारं घड्याळ
- फिल्म टांगायला क्लिपा. खालच्या टोकाला लावायची जरा जड
- डेव्हलपर, स्टॉप बाथ, फिक्सर (यांची कामं तिसऱ्या भागात येतील) आणि वाळताना पाण्याचे डाग पडू न देणारा वेटिंग एजंट
- हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा

प्रिंटसाठी यात एन्लार्जर आणि त्याची ५० मिमी लेन्स, कागद सपाट धरणारा इझल, सेफलाइट (पेपर न बिघडवणारा लाल दिवा), चार ट्रे, प्रत्येक रसायनाचा वेगळा चिमटा, मल्टिग्रेड फिल्टरचा संच (प्रिंटमधला काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी-जास्त करायला), ग्रेन फोकसर (फोकस तपासायचं भिंग), एक जाड काच, आरसी पेपर (प्लास्टिकचा थर असलेला) आणि पेपरचा डेव्हलपर एवढं वाढतं.

स्वयंपाकघरातलं एखादं भांडं किंवा चमचा यात घेतलात, तर तो परत स्वयंपाकघरात जाणार नाही. हा नियम कुठलीही सूट न देता पाळा.

फिल्म म्हणून आयएसओ ४०० ची (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) इल्फर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स घ्या. दोन्ही फिल्म चुका पोटात घालणाऱ्या आहेत. डेव्हलपर म्हणून कोडॅक डी-७६ किंवा त्याचंच भावंड म्हणावं असा इल्फर्ड आयडी-११. डी-७६ हे सूत्र १९२७ पासून चालत आलेलं आहे, त्यामुळे जवळपास प्रत्येक फिल्मची वेळ त्याच्यासाठी छापलेली सापडते. नवख्याला याहून मोठी सोय नाही.

२. कॅमेरा तपासा, मग रोल भरा

जुना कॅमेरा हाती आला असेल तर तीन गोष्टी बघा. मागचं दार उघडून कडेचा फोम दाबून पाहा. तो चिकट किंवा भुसभुशीत झाला असेल तर उजेड आत शिरणार. दार उघडं ठेवूनच वेगवेगळ्या शटर स्पीडवर शटर उडवा आणि उजेडाकडे धरून ते खरंच उघडतं का ते पाहा. तिसरी गोष्ट मीटरची, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्राची. १९६० आणि ७० च्या दशकांतले कितीतरी कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालत. ती बॅटरी आता मिळत नाही. तिच्या जागी १.५ व्होल्टची अल्कलाइन घातली की मीटर चालू होतो, पण त्याचं रीडिंग चुकीचं असतं. अशा कॅमेऱ्यात वेगळा मीटर किंवा फोनमधलं मीटरचं अॅप वापरलेलं बरं.

फिल्म भरून दार लावल्यावर रिवाइंडचा खटका हलकेच उलटा फिरवून ढिली फिल्म ताणून घ्या. मग पुढचं फ्रेम ओढताना तो खटका आपोआप फिरतोय ना, ते बघा. फिरत नसेल तर फिल्म चाकावर चढलेलीच नाही, आणि तुम्ही छत्तीस फोटो हवेत काढणार आहात.

उन्हात मीटर नसला तरी चालतं. लेन्सचं छिद्र एफ/१६ वर लावा आणि शटर फिल्मच्या आयएसओच्या जवळपास ठेवा. ४०० च्या फिल्मला १/५००. मीटर असेल तेव्हा मात्र एक जाणून घ्या : समोर काहीही असो, ते सरासरी राखाडी आहे असं मीटर धरून चालतो. पाठीमागून ऊन असलेला चेहरा त्यामुळे काळा पडतो. निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त उजेड चालतो, कमी चालत नाही. सावलीच्या भागात प्रकाश पोचलाच नाही, तर तिथे निगेटिव्ह कोरीच राहते आणि डार्करूममध्ये कितीही खटपट केली तरी तिथून काही निघत नाही. म्हणून ज्या सावलीतला तपशील तुम्हाला हवा आहे, तिचा विचार करून एक्स्पोजर, म्हणजे फिल्मला द्यायचा उजेड, ठरवा. शंका आली तर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त द्या.

विमानप्रवासात रोल हातातल्या सामानात ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. नव्या सीटी स्कॅनरने फिल्मवर धुकट थर चढतो, आणि चेक-इन सामानाचे स्कॅनर तर त्याहून जोरदार असतात.

रोल संपल्यावर रिवाइंड करताना ताण एकदम सैल झाल्याचं बोटांना कळतं. तिथेच थांबलात तर फिल्मचं टोक डब्याबाहेर राहतं आणि पुढे रिळावर चढवणं सोपं जातं. पण त्या टोकाला लगेच दुमड घाला, नाहीतर काढलेला रोल कोरा समजून पुन्हा कॅमेऱ्यात जाईल.

३. रसायनं आणि तापमान

आधी आत काय घडतं ते थोडक्यात. फिल्मवरच्या जिलेटिनमध्ये सिल्व्हर हॅलाइडचे कण असतात. प्रकाश पडलेल्या कणांमध्ये चांदीचे मोजके अणू तयार होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. डेव्हलपर तेच कण निवडून संपूर्ण धातुरूप चांदीत बदलतो. स्टॉप बाथ हे काम तिथल्या तिथे थांबवतो. प्रकाश न पडलेले कण अजून शिल्लक असतात, ते फिक्सर विरघळवून काढतो. एवढा क्रम डोक्यात पक्का असला की कुठली पायरी का चुकवायची नाही, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. फिक्सरला जुनी माणसं अजून हायपो म्हणतात. थायोसल्फेटमध्ये चांदीचे क्षार विरघळतात हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच दाखवलं होतं. फोटोग्राफी जगासमोर आल्यावर १८३९ मध्ये तेच ज्ञान चित्र टिकवायला कामी आलं.

डी-७६ ची पूड ५० ते ५५ अंशांच्या पाण्यात विरघळते. आधी थोडं कमी पाणी घ्या, पूड हळूहळू टाकत ढवळा, मग पाणी घालून पूर्ण मापाला आणा. हवा खेळती ठेवा आणि पूड नाकात जाऊ देऊ नका. द्रावण आदल्या दिवशीच करून ठेवा, म्हणजे वापरायच्या वेळी ते थंड आणि एकजीव झालेलं असतं. काठोकाठ भरलेल्या बंद बाटलीत ते सहा महिने टिकतं. अर्ध्या बाटलीत हवा असते आणि हवेनेच डेव्हलपर मरतो. म्हणून एका मोठ्या बाटलीपेक्षा लहान लहान बाटल्या बऱ्या. बाटलीवर नाव आणि तारीख लिहा. वापरताना एक भाग द्रावण, एक भाग पाणी असं १+१ घ्या आणि एका वापरानंतर ते टाकून द्या. दर रोलला ताजा डेव्हलपर मिळतो, म्हणजे शंका घ्यायची एक जागा आपोआप कमी होते.

स्टॉप बाथ म्हणजे सौम्य आम्ल. ते नेहमी पाण्यात आम्ल घालून करायचं, आम्लात पाणी ओतून कधीही नाही. फिक्सर शक्यतो रॅपिड जातीचा घ्या, १+४ प्रमाणात. तो बाटलीत परत भरून पुन्हा पुन्हा वापरता येतो.

डेव्हलपरमधल्या मेटॉल नावाच्या घटकाची काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की ती पुढेही छळते. पहिल्या दिवसापासून हातमोजे घाला.

आता तापमान. छापील वेळा बहुतेक २० अंशांसाठी असतात. मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन त्यात सगळ्या बाटल्या उभ्या ठेवा. पाणी गरम असेल तर बर्फाचे तुकडे त्या घमेल्यात टाका, डेव्हलपरमध्ये नव्हे. उन्हाळ्यात २० अंश गाठता येत नसतील तर हट्ट धरू नका : दर अंशाला वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करा. एचपी५ प्लसची आयडी-११ मध्ये १+१ ची वेळ २० अंशांना १३ मिनिटं आहे. २४ अंशांना ती साडेआठ मिनिटांच्या आसपास येते. पण वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, कारण तेवढ्यात डेव्हलपर फिल्मवर सगळीकडे सारखा पोचत नाही आणि पट्टे पडतात. डेव्हलपरइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्यानंतरची सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणीही त्याच्या जवळपासच्या तापमानाचं हवं. कोमट डेव्हलपरमधून फिल्म थेट गारठलेल्या पाण्यात गेली, तर जिलेटिन आकसून सुरकुततं. ती जाळी कशानेच जात नाही.

४. काळोखात रीळ भरणं

सगळ्या प्रक्रियेत नवख्यांना घाम फुटतो तो इथे, आणि तरीही याच पायरीचा सराव करायला कुणी तयार नसतं. एक मुदत संपलेला किंवा बिघडलेला रोल बळी द्या. आधी उजेडात बघत बघत भरा. मग डोळे मिटून. मग पिशवीत हात घालून. न बघता लागोपाठ दोन-तीनदा नीट भरला गेला की मगच खरा रोल घ्या.

रीळ पूर्ण कोरडं हवं. एक थेंब ओल असली तरी फिल्म खाचेत चिकटते. फिल्मचं टोक बाहेर असेल तर उजेडातच ते सरळ कापून घ्या आणि दोन्ही कोपरे किंचित गोलाकार करा. टोकदार कोपराच खाचेत अडकतो. मग डबा, कात्री, रीळ, टँक, टँकचा मधला दांडा आणि झाकण हे सगळं पिशवीत ठेवून चेन लावा. खोलीत काम करणार असाल तर दिवा बंद करून पाच मिनिटं नुसते बसा. डोळे सरावल्यावरही पांढरा कागद दिसला, तर ती खोली चालणार नाही. चमकणारं घड्याळ आणि फोन बाहेर ठेवा. लाल दिवा असला तर चालेल, हा समज सिनेमांमुळे पसरला आहे. हल्लीच्या बहुतेक सगळ्या फिल्म लाल प्रकाशही टिपतात; लाल दिवा फक्त पेपरसाठी.

टोक खाचेत सरकवा आणि रिळाच्या बाजू आळीपाळीने पुढे-मागे फिरवा. ओढाताण करू नका. फिल्म कुठे मुडपली तर तिथे चंद्रकोरीसारखा काळा डाग उमटतो. अडकलीच तर थोडी मागे घ्या आणि पुन्हा सरकवा. पिशवीत हाताला घाम सुटला की फिल्म आणखीच चिकटते. अशा वेळी फिल्म आणि रीळ तसंच मधल्या दांड्यासकट टँकमध्ये टाकून झाकण लावा, हात बाहेर काढा, पुसा, श्वास घ्या. टँक बंद आहे तोवर कसलीही घाई नाही. शेवटाला फिल्म डब्याच्या गाभ्यावर चिकटपट्टीने चिकटवलेली असते. तिथे ती कात्रीने कापा.

प्लास्टिकच्या टँकमध्ये रीळ मधल्या पोकळ दांड्यावर बसवायचं असतं. नुसतं धरायला म्हणून हा दांडा नसतो, झाकणाच्या तोंडातून येणारा उजेड तोच अडवतो. दांडा पिशवीत विसरून झाकण लावलं तर पहिलं द्रावण ओतायच्या आधीच रोल गेलेला असतो.

५. धुण्याची साखळी

टँकच्या बुडाशी किती मिली लागतं ते लिहिलेलं असतं. पॅटरसनच्या टँकला एका ३५ मिमी रोलसाठी २९० मिली. थोडं जास्तच घ्या.

अ. डेव्हलपर ओता आणि घड्याळ सुरू करा. एचपी५ प्लस आणि आयडी-११ १+१ साठी १३ मिनिटं, ट्राय-एक्स आणि डी-७६ १+१ साठी पावणेदहा मिनिटं. दोन्ही २० अंशांना. तुमची जोडी वेगळी असेल तर फिल्म बनवणाऱ्याच्या तक्त्यातली वेळ घ्या. पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा उलटा-सुलटा करा आणि बुड टेबलावर आपटून बुडबुडे सुटे करा. पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा. कॉकटेल हलवल्यासारखं घुसळू नका. त्याने फिल्मच्या भोकांपाशी गडद पट्टे येतात. तुमची हलवण्याची पद्धत जी असेल ती असो, दर रोलला तीच ठेवा. वेळ संपायच्या दहा-पंधरा सेकंद आधी ओतायला लागा.

आ. स्टॉप बाथ, अर्धा मिनिट.

इ. रॅपिड फिक्सर, २ ते ५ मिनिटं. फिक्सर अजून जिवंत आहे का, हे आधीच तपासता येतं : सुरुवातीला कापलेलं फिल्मचं टोक उजेडात त्यात टाका आणि ते पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. फिक्सिंगची वेळ त्याच्या दुप्पट ठेवा. ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागायला लागला की नवा फिक्सर करा. यानंतर झाकण उघडून बघायला हरकत नाही.

ई. धुणं. नळ तासभर सोडून ठेवायची गरज नसते. टँकमध्ये पाणी भरून पाच वेळा उलटा-सुलटा करा आणि ओता. पुन्हा भरून दहा वेळा. पुन्हा भरून वीस वेळा. ही इल्फर्डची पद्धत. पाणी वाचतं आणि धुणंही पुरेसं होतं.

उ. शेवटी डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंटचे दोन-चार थेंब घालून एक मिनिट. फेस होईल इतका टाकू नका. जड पाण्याचे डाग टाळायचे असतील तर इथे नळाचं पाणी वापरू नये.

फिल्म धूळ कमी असलेल्या जागी टांगा. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ करून धूळ खाली बसू दिली तर फार बरं. ओली फिल्म बोटांनी निपटू नका. एक कण अडकला की अख्ख्या रोलवर ओरखडा. पंखा लावू नका. तीन-चार तास तिच्याकडे फिरकू नका.

६. निगेटिव्ह वाचायला शिका

माझ्या मते हीच खरी विद्या आहे. वाळलेली पट्टी पांढऱ्या उजेडासमोर धरा आणि चित्रांच्या आधी कडेचे आकडे आणि अक्षरं बघा. ती कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेली असतात, पण दिसतात ती तुम्ही डेव्हलप केल्यावर. म्हणजे तुमचा कॅमेरा आणि तुमचं धुणं यांच्यातला निवाडा तेच करतात.

फिल्म कोरी आणि कडेचे आकडे मात्र स्पष्ट : धुणं उत्तम झालं, फिल्मपर्यंत प्रकाशच पोचला नाही. रोल चाकावर चढला नव्हता, किंवा शटर उघडत नाही. फिल्म कोरी आणि आकडेही नाहीत : डेव्हलपर मेला होता, किंवा बाटल्यांची अदलाबदल होऊन फिक्सर आधी गेला. सगळी फिल्म काळी : कुठेतरी उजेड लागला.

चित्रं आहेत पण सावल्या पूर्ण पारदर्शक, आणि आकडे गडद : एक्स्पोजर कमी पडलं. पुढच्या वेळी उजेड वाढवा. सावल्यांत तपशील आहे, पण सगळंच फिकं आणि आकडेही फिके : डेव्हलपिंग कमी झालं. आभाळ आणि पांढरे कपडे इतके दाट की मागचा दिवा दिसत नाही, पण सावल्या ठीक : डेव्हलपिंग जास्त झालं, वेळ पंधरा टक्के कमी करून बघा. सावल्यांचा हिशेब एक्स्पोजरशी आणि उजळ भागांचा डेव्हलपिंगशी, ही वाटणी लक्षात राहिली की कुठला खटका फिरवायचा ते कळतं.

दुधट पट्टी म्हणजे फिक्सिंग अपुरं. पुन्हा फिक्स करून धुवा, सुटेल. एकाच जागी मोठा दुधट डाग असेल तर तिथे फिल्मचे दोन वेढे एकमेकांना चिकटले होते. तिथलं चित्र गेलं.

दर रोलची तारीख, फिल्म, डेव्हलपर, तापमान, वेळ आणि असा एका ओळीचा निकाल वहीत लिहा. नंतर आठवत नाही.

पट्टी सहा-सहा फ्रेमची कापून पॉलिथिलीनच्या किंवा ग्लासीनच्या पाकिटांत ठेवा. पीव्हीसीची पाकिटं टाळा.

७. तात्पुरती डार्करूम

खिडकी नसलेलं न्हाणीघर, किंवा रात्रीच्या वेळी कुठलीही खोली. एका बाजूला कोरडं काम : एन्लार्जर आणि पेपर. दुसऱ्या बाजूला ओलं काम : डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर आणि पाणी, याच क्रमाने. मधे टॉवेल. हवा खेळायला हवी, कारण स्टॉप बाथ आणि फिक्सरचा वास बंद खोलीत डोक्यात जातो. ओल्या हाताने एन्लार्जरचा स्विच लावायचा नाही.

सेफलाइट पेपरपासून सव्वा मीटर तरी लांब हवा. बाजारातला रंगवलेला लाल बल्ब सेफलाइट असेलच असं नाही, म्हणून तपासा : पेपरच्या एका तुकड्याला एन्लार्जरखाली अगदी हलका राखाडी रंग येईल इतकाच उजेड द्या, मग त्यावर नाणं ठेवून सेफलाइटखाली सात मिनिटं पडू द्या आणि डेव्हलप करा. नाण्याची गोल खूण दिसली तर तो दिवा चालणार नाही.

८. कॉन्टॅक्ट शीट

अख्खा रोल एका कागदावर. पेपरची चकाकती बाजू वर, त्यावर निगेटिव्हच्या पट्ट्या, मंद (चकाकी नसलेली) बाजू खाली म्हणजे पेपरकडे, वर काच. दोन नंबरचा फिल्टर. आधी पट्टीवर वेगवेगळ्या वेळा देऊन अशी सगळ्यात कमी वेळ शोधा, की फिल्मची कोरी कड पेपरच्या पूर्ण काळ्यात मिसळून जाईल. ती वेळ आणि एन्लार्जरची उंची लिहून ठेवा. पुढचे सगळे कॉन्टॅक्ट तिच्यावरच काढा. मग ज्या फ्रेम शीटवर गडद दिसतील त्यांना एक्स्पोजर कमी पडलं होतं, हे दुसऱ्या कुणाला विचारायला नको.

९. पहिली प्रिंट

निगेटिव्ह एन्लार्जरच्या कॅरियरमध्ये, म्हणजे ती धरणाऱ्या चौकटीत, मंद बाजू लेन्सकडे करून ठेवा, फुंकणीने धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार बसतात. लेन्स पूर्ण उघडून फोकस करा. ग्रेन फोकसरमध्ये चित्राकडे बघू नका, चांदीचे कण टोचून दिसेपर्यंत फिरवा. मग एफ/८ वर आणा.

टेस्ट स्ट्रिप वाचवायच्या नादात पेपर जास्त वाया जातो. पेपरची एक पट्टी कापा आणि ती चित्राच्या महत्त्वाच्या भागावर, म्हणजे चेहरा असेल तर चेहऱ्यावर ठेवा. रिकाम्या आभाळावर ठेवून काय कळणार? पुठ्ठ्याने झाकत झाकत ५, १०, १५, २०, २५ सेकंद द्या.

आरसी पेपरला डेव्हलपरमध्ये एक मिनिट, ट्रेचा कोपरा सतत हलवत. चित्र काळं होतंय असं वाटून मधेच काढू नका. सेफलाइटखाली प्रिंट असते त्याहून गडद दिसते, आणि अर्धवट काढलेल्या प्रिंटमध्ये खरा काळा कधीच येत नाही. काळं पडलं तर एन्लार्जरची वेळ कमी करा; डेव्हलपरची एका मिनिटाची वेळ पक्की. मग स्टॉप दहा सेकंद, १+४ फिक्सर अर्धा मिनिट, वाहतं पाणी दोन मिनिटं. डेव्हलपरचा चिमटा फिक्सरमध्ये जाऊन परत आला की तो ट्रे संपला.

पट्टी पांढऱ्या उजेडात बघा. त्याआधी पेपरचं पाकीट बंद आहे ना, ते बघा. आता क्रम असा : वेळ ठरवायची उजळ भागांवरून. ज्या पट्टीत पांढऱ्या भागातही थोडा तपशील दिसतो, ती तुमची वेळ. ती मिळाल्यावर काळ्या भागांकडे बघा. काळा राखाडी वाटतोय? फिल्टर दोनवरून अडीच, तीन असा वाढवा. सावल्या डांबरासारख्या बसल्यात? दीडवर या. इल्फर्डच्या फिल्टरमध्ये शून्य-शून्यपासून साडेतीनपर्यंत वेळ साधारण तीच राहते, चारपासून पुढे ती दुप्पट करावी लागते. दोन्ही गोष्टी एकदम बदलू नका, गुंता होतो.

यानंतर अख्खा कागद. आणि ती प्रिंट सरळसोट, ठीकठाक आली की तिथे थांबू नका, कारण डार्करूमचं खरं सुख इथून पुढे आहे. चेहरा काळवंडला असेल तर तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती एक्स्पोजरच्या काही सेकंदांत त्याच्यावर धरा. आभाळ कोरं राहिलं असेल तर बाकीचं चित्र हाताने झाकून तेवढ्याला जास्त उजेड द्या. हात सतत हलता ठेवा, नाहीतर कड उमटते. हे जादा किंवा कमी सेकंद चित्राच्या एका साध्या रेखाटनावर लिहून ठेवलेत की तीच प्रिंट सहा महिन्यांनीही काढता येते. नजर कुठे जावी, कुठे रेंगाळावी हे तुम्ही हाताच्या सावलीने ठरवत असता. मला या तासांइतकं दुसरं काहीच आवडत नाही.

फायबर पेपर, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेला कागद, ही यानंतरची पायरी. त्याचा काळा रंग फार देखणा असतो, पण त्याला तासभर धुणं लागतं आणि वाळल्यावर तो थोडा गडद होतो.

१०. आवरताना

आरसी प्रिंट पुसून दोरीवर अडकवा किंवा जाळीवर पसरा. पाण्यात तासन्‌तास ठेवू नका, कडेने पाणी आत शिरतं.

वापरलेल्या फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक आहे. तो मोरीत ओतू नका. वेगळ्या बाटलीत साठवून फोटो लॅबला किंवा घातक कचरा घेणाऱ्यांना द्या. डेव्हलपर आणि स्टॉप बाथचं काय करायचं, ते तुमच्या भागातल्या नियमांप्रमाणे ठरवा. ट्रे साफ करायला ब्लीच वापरायचा मोह झाला, तर आजूबाजूला फिक्सरचा थेंबही नको. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो. साधं पाणी आणि स्पंज पुरतो. डेव्हलपरचा ट्रे आधी धुवा, फिक्सरचा शेवटी, आणि ट्रेवर कायमच्या शाईने नावं टाका, म्हणजे पुढच्या वेळी तोच ट्रे त्याच रसायनाला मिळेल.